बंधारा उभा, पाट वाहता, फड मोडलेला : पांझरेकाठचे एक प्रकरण

साक्रीकडून धुळ्याकडे येताना पांझरेच्या पात्रात दगडी बंधारे दिसतात. भिंत उभी असते, पावसाळ्यात पाणी माथ्यावरून पडते, काठाच्या मुखातून पाट निघतो आणि त्यात पाणीही असते. पण त्या पाटाखाली जो फड चालायचा तो कित्येक गावांत आता चालत नाही. 'फडातली जमीन' हा शब्द तेवढा खरेदीविक्रीच्या बोलण्यात उरला आहे. साधन शाबूत आहे आणि पद्धत बंद पडली आहे. असे का होते, हा या प्रकरणाचा प्रश्न.

उत्तरे विचारायचा अवकाश, लगेच मिळतात. पाटबंधाऱ्याचे काम पाहणारा सांगतो, वर धरणे झाली आणि नदीचा वाहता झरा तुटला. शेतीखात्यातला माणूस पीक बदलल्याकडे बोट दाखवतो. पारावर बसलेले म्हातारे म्हणतात, माणसांत एकी राहिली नाही. तिन्ही उत्तरांत तथ्य आहे, पण ती एकमेकांशेजारी मांडून ठेवल्याने काही कळत नाही. कळायचे असेल तर आधी काय झाले आणि मागाहून काय झाले, याचा क्रम लावावा लागतो. तो लावण्याची साधने अभियंत्याच्या खोलीत कमी आणि तहसीलच्या अभिलेख कक्षात, मोडी रुमालात (मोडी लिपीतल्या जुन्या कागदांच्या बासनात) आणि लोकांच्या बोलण्यात जास्त सापडतात.

फड म्हणजे नेमके काय

फड पद्धत तापी खोऱ्यातल्या पांझरा, मोसम आणि आरम या नद्यांवर, म्हणजे आजच्या धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत रुजली. बंधारा पाणी साठवत नाही, फक्त वळवतो. पात्रात खडक उघडा पडलेला असतो तिथे तो बसवलेला असतो, म्हणून बऱ्याचदा भिंत सरळ रेषेत नसते. खडक जसा गेला तशी ती वाकते. तिच्या एका टोकाकडून कालवा निघतो. त्याची लांबी २ ते १२ किलोमीटर आणि वाहण्याची क्षमता सेकंदाला सुमारे ४५० लिटर, म्हणजे साधारण १६ क्युसेक. कालव्यातून चाऱ्या फुटतात, चारीतून शेतात जाणारे सारंग. जास्तीचे पाणी सांडव्यावाटे पुन्हा नदीला मिळते.

या पाण्याखाली येणारी जमीन म्हणजे कायम बागायत. तिचे बहुधा चार भाग असतात, तेच चार फड. एक फड १० हेक्टरांपासून २०० हेक्टरांपर्यंत असू शकतो, सर्वसाधारण १०० ते १२५. दरवर्षी गाव ठरवते की कोणत्या फडात ऊस, कोणत्यात गहू किंवा हरभरा, आणि कोणता फड पडीक. एका फडात एकच पीक. खातेदाराची जमीन एका जागी नसते. त्याच्या पट्ट्या शक्यतो चारही फडांत विखुरलेल्या असतात.

पाणी शेतकरी स्वतः देत नाही, पाटकरी देतो. त्याच्यावर देखरेखीला हवालदार, पिकाच्या राखणीला जागल्या, आणि या सगळ्यांवर पंच. मोबदला एकरी हिशेबाने, मुख्यतः धान्यात. पाऊस सरला की पाटातला गाळ काढणे आणि बंधाऱ्याची डागडुजी करणे हेही जमिनीच्या प्रमाणात वाटून घेतलेले.

इथे 'फड' या शब्दाकडे थोडे पाहू. तमाशाचा फड, कुस्तीचा फड, ऊसतोडीचा फड. मराठीत फड म्हटले की जमलेली माणसे आणि त्यांनी मिळून चालवलेले काम असा अर्थ येतो. जमिनीच्या तुकड्याला हे नाव मिळाले यातच ही व्यवस्था कशी दिसत होती ते कळते. सरकारी तक्त्यात मात्र फड हे फक्त क्षेत्राचे नाव होते. खालच्या सगळ्या घोटाळ्याचे मूळ बऱ्याच अंशी या फरकात आहे.

एका पाळीचा हिशेब

एक फड पडीक का ठेवायचा, हे धर्म-रूढीवर सोडून देण्याआधी आकडे मांडून पाहावेत. खालचा हिशेब नमुन्याचा आहे. आपल्या बंधाऱ्याचा प्रवाह मोजून तो बदलून घ्यावा.

फड १०० हेक्टरांचा धरू. एका पाळीला ७५ मिलिमीटर पाणी म्हणजे ७५,००० घनमीटर. मातीचा पाट आणि चाऱ्या यांत बरेच पाणी मुरते. मुखाशी सोडलेल्यापैकी ६० टक्के शेतात पोचते असे धरले तर मुखाशी १,२५,००० घनमीटर हवे. कालवा भरून वाहत असेल तर दिवसाला ३८,८८० घनमीटर मिळतात, म्हणजे एक फड सव्वातीन दिवसांत भिजतो. कार्तिकात हे असेच चालते आणि सगळे खूश असतात.

आता नदी उतरली, प्रवाह तिसऱ्या हिश्शावर, सेकंदाला १५० लिटरवर आला. दिवसाला १२,९६० घनमीटर. त्याच फडाला पावणेदहा दिवस लागतात. दोन फडांना जवळपास १९ दिवस, तीन फडांना २९. गव्हाला साधारण तीन आठवड्यांच्या अंतराने पाणी चालते, त्यामुळे दोन फड निभतात. तिसऱ्याचा गहू ओंबीत असताना तहानतो. पुढे उन्हाळा. तेव्हा रानात फक्त ऊस उरलेला असतो आणि त्याला आठ-दहा दिवसांनी पाणी लागते. या प्रवाहात ते एकाच फडाला मिळू शकते. दोन फडांत ऊस लावला तर चैत्र-वैशाखात दोन्ही वाळतात.

म्हणजे पडीक फड हा पंचांनी केलेला पाण्याचा अंदाज होता. पावसाळ्याअखेर पात्राकडे पाहून ते ठरवायचे. जमिनीला विसावा मिळणे, पाणथळ न होणे, खार न फुटणे हे फायदे त्याबरोबर आपोआप मिळाले. चारही फडांत पट्ट्या असल्यामुळे पडीकीचा तोटा एकाच्या बोकांडी बसत नव्हता. ज्याचा एक पट्टा पडीक, त्याचा दुसरा उसात. पट्ट्यांची ही विखुरलेली मांडणी हा फडाचा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, आणि तो दगडात किंवा पाटात दिसत नाही. तो फक्त नकाशात दिसतो.

'तीनशे-चारशे वर्षे' या वाक्याचे काय करायचे

फडावर लिहिलेल्या जवळजवळ प्रत्येक मजकुरात ही पद्धत तीन-चारशे वर्षांची आहे असे वाक्य असते. असू शकेल. पण तिच्या पाठोपाठ येणारा 'अखंड' हा शब्द खोडावा.

थाळनेर आणि बऱ्हाणपूर इथून खानदेशावर राज्य करणारे फारुकी १३८२ पासून १६०१ पर्यंत होते. त्यानंतर मोगल, मग मराठे. १८८० साली निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या खानदेश खंडात पश्चिमेकडच्या बंधाऱ्यांची नोंद आहे, आणि लोकपरंपरा ते मुसलमानी राजवटीने बांधले असे सांगते, अशीही. त्याच वर्णनात पडक्या बंधाऱ्यांचे अवशेषही आहेत. पश्चिम खानदेशात एकेकाळी जवळपास प्रत्येक ओढ्या-नदीवर बंधारे असावेत, इतक्या त्या खुणा.

पडझड कधी झाली याचा एक मोठा धागा १८०२-०३ चा आहे. होळकरांच्या फौजेची लूट आणि लगेच आलेला दुष्काळ यांत खानदेश ओस पडला. १८१८ मध्ये कॅप्टन जॉन ब्रिग्ज इंग्रजांतर्फे कारभार पाहायला आला तेव्हाचा खानदेश उजाड गावांचा होता. गाव उठले की बंधारा एखादे वेळी टिकेल, पण पाटकरी, पंच आणि पाळी टिकत नाहीत. पुढे जे फड चालले त्यांतले किती जुने चालत आलेले आणि किती नव्याने जोडलेले, हे प्रत्येक बंधाऱ्याला वेगळे विचारावे लागते.

त्यात १५ सप्टेंबर १८७२ चा पूर आहे. गिरणा आणि पांझरा एकदम चढल्या, धुळ्यात पाचशेवर घरे वाहून गेली, १५२ गावांचे नुकसान झाले. त्या पुराखाली आलेल्या बंधाऱ्याची भिंत जशीच्या तशी राहिली असेल असे गृहीत धरणे धाडसाचे. भिंतीजवळ जाऊन पाहिले तर सांधे दिसतात: खालचे थर मोठ्या दगडांचे, चुना करडा आणि दगडासारखा घट्ट, वर मधूनच लहान दगड आणि पांढुरका चुना, त्याहून वर सिमेंटचे प्लास्टर. हे सिमेंटच अनेक ठिकाणी नवे दुखणे असते. चुन्याची भिंत ओल आत घेते आणि बाहेर सोडते. वरचा सिमेंटचा पापुद्रा ताठ, तो ओल कोंडतो. मग प्लास्टर पोकळ होऊन निखळते आणि जाताना जुन्या चुन्याचा थर घेऊन जाते. दोन थरांत काळाचे किती अंतर, हे निव्वळ रंगावरून सांगू नये. डागडुजीचा खर्च पडल्याचा कागद मिळाला तरच ते सांगावे.

आणखी एक गोष्ट याच नदीवर आहे. १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झालेल्या मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांच्या अगदी पहिल्या कामांत पांझरेच्या एका प्रवाहावरचा नळाचा सायफन होता. एकीकडे पाटकरी फावड्याने सारंग फोडतो आहे आणि त्याच खोऱ्यात लोखंडी नळ टाकले जात आहेत. 'जुने तंत्र गेले, नवे आले' अशी दोन खणांची मांडणी इथे चालत नाही. दोन्ही तंत्रे बराच काळ शेजारी नांदली. म्हणूनच 'आधुनिकतेने फड मोडला' हे वाक्यही पुरेसे नाही. कोणती आधुनिकता, आणि कोणत्या साली?

कागद कुठले, आणि ते कसे फसवतात

खानदेश एकसंध राहिला नाही, ही पहिली अडचण. १८६९ मध्ये नाशिक जिल्हा झाला तेव्हा बागलाण, मालेगाव आणि नांदगाव तिकडे गेले. १९०६ मध्ये उरलेल्या खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार निघाला. मोसमेवरच्या बंधाऱ्याचा १८६० चा कागद म्हणून नाशिकला नसतो आणि १८७५ चा धुळ्याला नसतो. काय शोधायचे याआधी कोणत्या सालचे शोधायचे हे लिहून घ्यावे.

इंग्रजांआधीचे कागद मोडीत. पुण्याच्या पेशवे दप्तरात प्रांतवार रुमाल आहेत. धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आहे. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ मध्ये धुळ्यातच वारले आणि त्यांच्या संग्रहाभोवती ते उभे राहिले. या कागदांत 'फड' शोधत बसले तर दिवस फुकट जातो. 'पाटस्थळ' शोधावे. पाटाच्या पाण्याची जमीन पाटस्थळ, मोटेच्या पाण्याची मोटस्थळ, बाकी जिरायत, आणि तिन्हींचा सारा वेगळा. एखाद्या गावाच्या पाटस्थळाचा बिघा एका साली भरघोस आणि वीस वर्षांनी शून्य दिसला, तर बंधारा फुटला होता किंवा गाव उठले होते, एवढा निष्कर्ष काढता येतो.

साल वाचताना हमखास चूक होते. मोडी कागदांतला सुहूर सन अरबी शब्दांत लिहिलेला असतो: 'खमस सबैन मया व अलफ' म्हणजे पाच, सत्तर, शंभर आणि हजार, एकूण ११७५. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे. वर्ष मृगाला सुरू होते, म्हणून जूनपासून डिसेंबरअखेर ५९९ आणि जानेवारीपासून पुढे ६००. हा कागद १७७४-७५ चा. दख्खनी फसली सनात, म्हणजे महसुलाच्या सनात, मात्र ५९० किंवा ५९१ मिळवायचे. दोहोंत नऊ वर्षांचा फरक आहे. फसलीला सुहूर समजले तर कागद नऊ वर्षे पुढे सरकतो, आणि दुष्काळाच्या आधीची गोष्ट दुष्काळानंतरची होऊन बसते.

पुढचा थर इंग्रजी मोजणीचा. खानदेशात ती सुखासुखी झाली नाही. १८५२ मध्ये सावदा, एरंडोल भागांत मोजणीविरुद्ध लोक उठले होते. मोजणीनंतर प्रत्येक पट्टीला सर्वे नंबर आला. टिपणातली, म्हणजे मोजणीच्या मूळ नोंदीतली, अंतरे साखळी आणि आण्यांत आहेत. ही साखळी ३३ फुटांची आणि आणे १६, म्हणजे एक आणा दोन फूट पाऊण इंच. एका साखळीचा चौरस म्हणजे एक गुंठा, ४० गुंठ्यांचा एकर. भूगोलाच्या पुस्तकातली ६६ फुटांची साखळी धरून आकडेमोड केली तर क्षेत्र चौपट निघते. अशा चुकीने एखादा फड ४०० हेक्टरांचा 'शोधून' काढता येतो.

या टिपणांवरून आणि गावनकाशावरून पट्ट्या रंगवल्या की फड डोळ्यांसमोर येतो. एका खातेदाराला एक रंग द्यावा. फड पद्धत जोरात होती तिथे तोच रंग चार ठिकाणी दिसतो, पट्ट्या अरुंद आणि लांब.

त्यानंतर कायदा. १८७९ च्या मुंबई पाटबंधारे कायद्यात पुढे दुसऱ्या वर्गाची कामे म्हणून असे लोकचालित बंधारे आले, आणि १९७६ च्या महाराष्ट्र पाटबंधारे कायद्यातही तो भाग राहिला. त्यात हक्कनोंदीची तरतूद आहे: पाणी कोणाला, कोणत्या वहिवाटीने, दुरुस्ती कोणाकडे. बंधाऱ्याची हक्कनोंद मिळाली तर सोने मिळाले. पण ती वाचताना लक्षात ठेवायचे की वहिवाट लिहिली गेली त्या दिवसापासून ती बदलायला अवघड झाली. पंच दरसाल नव्याने ठरवत ते कागदावर 'परंपरेने असे' म्हणून गोठले.

सातबाऱ्यावरून फडाची नाडी

मोडण्याचे साल शोधायला सर्वांत कामाचा कागद साधा आहे: जुना हस्तलिखित सातबारा. गाव नमुना बारामध्ये सालवार पीक आणि जलसिंचनाचे साधन असते. कृती अशी. गावनकाशावर चारही फडांच्या हद्दी म्हाताऱ्या पाटकऱ्याला किंवा पंचाला विचारून काढून घ्याव्या. प्रत्येक फडातले दहा सर्वे नंबर निवडावे, वरच्या टोकाचे, मधले आणि खालचे. स्कॅन केलेले जुने अभिलेख अनेक तालुक्यांचे 'आपले अभिलेख' संकेतस्थळावर मिळतात. नसतील तिथे तहसीलला अर्ज करावा. मग दर सालासाठी पाहायचे: एका फडातल्या दहापैकी किती नंबरांत एकच पीक आहे? दहापैकी नऊ ऊस, पुढच्या साली नऊ गहू, तिसऱ्या साली सगळे पड, असे फिरत असेल तर फड जिवंत आहे. एखाद्या साली त्याच फडात ऊस, कांदा, कपाशी, गहू अशी खिचडी दिसू लागली आणि पुढे तशीच राहिली, तर ते साल टिपून ठेवावे.

धोका एकच, पण मोठा. पीक पाहणी कधीकधी टेबलावर बसून होते आणि मागच्या साली लिहिलेले पीक तसेच उतरते. फड जिवंत असेल तर पीक दरसाल बदललेच पाहिजे. सलग तीन-चार साले एकाच फडात एकच पीक आणि तेही सगळ्या नंबरांत दिसले, तर लेखणी आळशी होती असे समजून ती साले बाजूला काढावी.

याच कागदात विहिरीची पहिली नोंद कधी आली ते दिसते. फेरफाराच्या वहीत विहिरीसाठी काढलेले कर्ज आणि बोजा सापडतो. आता तीन तारखा हातात येतात: पीक मिसळू लागले ते साल, विहिरी वाढल्या ते साल, आणि नदीवर वरच्या अंगाला धरण झाले ते साल. पांझरेच्या खोऱ्यात लाटीपाडा, कान नदीवरचे मालनगाव आणि नंतरचे अक्कलपाडा यांपैकी कोणते आपल्या बंधाऱ्याच्या वर येते ते आधी पाहायचे. पीक मिसळणे धरणाआधीचे असेल तर धरणाला दोष देता येत नाही. धरणानंतरचे असले तरी विहिरींची नोंद मध्ये आहे का ते पाहावे.

विहीर : पाटाच्या पोटातून आलेली फूट

विहिरींकडे फडाच्या अभ्यासात जितके लक्ष जायला हवे तितके जात नाही, असे आमचे मत आहे. कारण सोपे आहे. धरण दिसते, त्याला उद्घाटनाची तारीख असते. विहिरी एकेक करून येतात.

पाच अश्वशक्तीचा पंप पंधरा मीटरवरून पाणी उचलताना सेकंदाला दहा-बारा लिटर देतो. दहा धरू. एक हेक्टर ७५ मिलिमीटर भिजवायला त्याला साधारण २१ तास लागतात, म्हणजे आठ तास वीज असलेल्या तीन रात्री. एका शेतकऱ्याला एवढे पुरते. त्याला आता पंचांच्या निर्णयाची, फडाच्या पाळीची, पाटकऱ्याची वाट पाहावी लागत नाही. असे ४५ पंप एकदम चालले की पूर्ण भरलेल्या कालव्याइतके पाणी उपसले जाते. फरक एवढाच की त्या पाण्यावर पंच नसतात.

आणि हे पाणी येते कुठून? बरेचसे त्याच पाटाच्या पाझरातून. वरच्या हिशेबात जे ४० टक्के 'वाया' धरले होते तेच विहिरींत उतरते. फडात विहीर लवकर लागते ती म्हणून. पुढे पाट बंद पडला की उन्हाळ्यात विहिरी खोल जातात आणि दोष पावसाला मिळतो. पाटाला सिमेंटचे अस्तर करून गळती थांबवण्याच्या योजनेत हा व्यवहार लक्षात घेतला नाही, तर पाटाचे पाणी वाढते आणि विहिरींचे आटते.

विहिरीवाल्याने गव्हाच्या फडात कांदा लावला की पुढचे आपोआप होते. कांद्याला आठ-दहा दिवसांनी पाणी. त्याची विहीर मध्येच आटली तर तो पाटकऱ्याकडे येतो. पाटकऱ्याला एका वाफ्यासाठी आख्खी चारी भरावी लागते, कारण चारी भरल्याशिवाय टोकाला पाणी पोचत नाही. शेजारच्या गव्हात पाणी फुटून तो लोळतो आणि भांडण होते. दुसरा शेतकरी कपाशी पौष-माघापर्यंत उभी ठेवतो, तोवर गव्हाची पेरणी निघून गेलेली असते. गुरांचे तेच: फड एकदम मोकळा झाला तर चराई होते, अर्धा उभा असेल तर जागल्याने राखायचे काय आणि सोडायचे काय? मोबदला एकरी धान्याचा होता. कांदा आणि कपाशीतून धान्य कुठले काढायचे? पाटकऱ्याचे पोट फडावर भरेनासे होते आणि त्याचा मुलगा त्या कामाला येत नाही. पारावरच्या मंडळींना दिसलेली 'एकी मोडली' ती इथे.

यात आणखी एक गोष्ट मिसळते. १९४७ च्या तुकडेबंदी-एकत्रीकरण कायद्याचा हेतू चांगला होता: विखुरलेले तुकडे एकत्र करून खातेदाराला एका जागी सलग जमीन द्यायची. जिरायत रानात ते रास्त. पण फडात पट्ट्या विखुरलेल्या होत्या त्या मुद्दाम, जोखीम वाटून घ्यायला. ज्याची सगळी जमीन एका फडात आली त्याच्यासाठी पडीक साल म्हणजे अख्ख्या वर्षाची उपासमार. तो पडीकीला 'नाही' म्हणणारच. गावाच्या सातबाऱ्यावर सर्वे नंबर जाऊन गट नंबर आले असतील तर एकत्रीकरण झाले आहे. तेव्हा आधीच्या आणि नंतरच्या नकाशावर खातेदारांचे रंग पुन्हा भरून पाहावेत. चार ठिकाणचा रंग एका ठिकाणी आला असेल तर फड कागदावर त्या दिवशी मोडला. प्रत्यक्षात लोकांनी जुन्या वहिवाटीने कसला असेल तर तेही लिहावे, दोन्ही खरे असू शकते.

जे कागदात नाहीत

फडाची कीर्ती समतेची आहे. ती अर्धी मान्य करावी. समता होती ती कायम बागायतीतल्या खातेदारांपुरती. पाटाच्या वरच्या अंगाच्या, फडाबाहेरच्या जमिनींना पाणी नव्हते. खानदेशात गावराखण बऱ्याचदा भिल्लांकडे असे. जागल्या पिकाची राखण करी पण पंचांत बसत नसे. बायका खुरपणीला, उसाच्या बेण्याला, पाटावर धुण्याला रोज असत. हक्कनोंदीत त्यांचे नाव क्वचितच.

म्हणून मुलाखतीत पहिला प्रश्न 'फड कधी बंद झाला?' असा विचारू नये. त्याला सगळे सारखेच गोल उत्तर देतात. पाटावर धुणे धुवायला जाणे कोणत्या साली थांबले, कानबाई (खानदेशातली देवी) बसवली तेव्हा पाटाला पाणी होते का, गूळ शेवटचा कधी पाडला, जागल्याला शेवटचे धान्य कोणी घातले, असे विचारावे. लग्न, जन्म, दुष्काळ यांच्या आधाराने साले जुळतात. बायकांनी सांगितलेले साल आणि सातबाऱ्यावरचे साल यांत पाच-सात वर्षांचे अंतर पडले तर कोणी चुकले असे नाही. पाट वाहायचा थांबला ते एक साल, पिके मिसळली ते वेगळे.

पुन्हा सुरू करायचे म्हटले तर

आता धरणाचे पाणी आवर्तनाने, म्हणजे काही दिवस सोडून मग बंद ठेवून, सुटते. पाटकऱ्याची सारी विद्या बारमाही, हळूहळू उतरणाऱ्या प्रवाहासाठी घडलेली होती. शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाच्या २००५ च्या कायद्याखाली पाणीवापर संस्था करायची तर तिच्या रचनेत शीर्ष, मध्य आणि पुच्छ, म्हणजे पाटाच्या मुखाकडचा, मधला आणि टोकाचा, असे विभाग धरलेले आहेत. मुखाकडच्याला जास्त आणि टोकाच्याला कमी पाणी हा वाद फडात मांडणीनेच मिटवला होता, पण ती मांडणी उरलेली नसेल तर कायद्याचीच भाषा उपयोगी पडते. ती मुकाट्याने स्वीकारावी.

हिशेब पुन्हा एकदा करू. दहा दिवसांचे आवर्तन, पाट भरून: ३,८८,८०० घनमीटर, म्हणजे १०० हेक्टरांचे तीन फड एकदा भिजतात. पुढचे आवर्तन महिन्याने. हरभऱ्याला हे चालते, गव्हाला विहिरीची एखादी जोड दिली तर चालते, उसाला अजिबात नाही. म्हणजे परत उभा राहू शकतो तो रब्बीचा फड. ऊस विहिरीवर जाणार आणि विहीर भरायला पाट वाहता लागणार. त्यामुळे विहिरीवाल्यानेही पाटाची पट्टी भरणे न्याय्य, आणि सभेत सर्वांत मोठा आवाज याच मुद्द्यावर चढेल. दुसरा मुद्दा पाटकऱ्याचा. पूर्वी त्याला वर्षभराचे काम होते, आता हिवाळ्यातली तीन-चार आवर्तने, तीही रात्रंदिवस. वर्षाचे धान्य एवढ्या कामाला कोणी देणार नाही, आणि चाळीस रात्रींच्या रोजावर कोणी पाटाचा स्वभाव शिकणार नाही. त्याचा दर आणि उरलेल्या दिवसांचे काम, गाळ काढणे, सांडवा साफ ठेवणे, विहिरींची पातळी मोजून लिहिणे, हे पहिल्या सभेतच ठरवून इतिवृत्तात घालावे, बंधाऱ्याच्या दुरुस्तीचे अंदाजपत्रक करण्याच्याही आधी.